दारं नसलेली कपाटं

आमच्या घरात एकाही कपाटाला दार नाही. एका रविवारी नवऱ्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, सगळ्या बिजागऱ्या सोडवल्या आणि दारं गॅलरीत रचून ठेवली. तेव्हापासून आमचे बनियनसुद्धा आल्यागेल्याला दर्शन देतात. शेजारणीने विचारलं, "नवीन फॅशन का?" मी म्हटलं, "हो, हवा खेळती राहते." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण कपाटच उघडं असल्यावर झाकणार काय?

नवरा अग्निशमन दलात आहे. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. एक हात भिंतीला लावायचा, दुसऱ्याने चाचपायचं आणि काही झालं तरी भिंत सोडायची नाही, हा त्यांचा नियम. एका फ्लॅटला आग लागली तेव्हा त्याने अशीच खोली चाचपली, पलंगाखाली हात घातला आणि वॉकीटॉकीवर कळवलं, "खोली रिकामी." आग विझल्यावर भिंतीतल्या कपाटात गुदमरून गेलेलं मूल सापडलं. घाबरून आत लपलं होतं. आमच्या लेकीएवढंच, ठमीएवढंच.

त्यानंतर ठमीची लपाछपी बंद झाली. एकदा ती पडद्यामागे लपली, तर हा असा ओरडला की पोरीचे कपडे ओले झाले. ती मला म्हणाली, "आई, आपण मावशीकडे राहायला जाऊ या ना. तिथे बाबा नसतो." मी त्याला सरळ सांगितलं, "उपचार घे, नाहीतर आम्ही निघालो."

फक्त आगीवर आणि रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांवर मानसोपचार करणाऱ्या एक बाई आहेत. सोबत घरचं माणूस हवं, असा त्यांचा आग्रह. मला वाटलं, त्या विचारतील, "कसं वाटतंय?" आणि हा म्हणेल, "बरं." मला तो कायम तेवढंच सांगत आलाय. पण बाईंनी विचारलं, "कुठला हात भिंतीला होता?"

"उजवा."

"उठा. दाखवा."

तो डोळे मिटून त्यांच्या खोलीची भिंत चाचपत चालला. दर भेटीत हेच. मी कंटाळले होते, खोटं कशाला बोलू? मग एके दिवशी त्याचा हात मध्येच थांबला.

"इथे सपाट लागलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, भिंतच आहे. ते कपाटाचं दार होतं. बाई, ते मूल आत होतं आणि माझा हात दारावरून गेला."

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मी मात्र इतके दिवस दारांवरून त्याचं डोकं खात होते. मला रडू आवरेना.

"जाड हातमोज्यातून भिंत आणि दार वेगळं कळतं?" बाईंनी विचारलं.

त्याने तळहात उलटा करून पाहिला. "नाही."

"विसरा, असं मी म्हणणार नाही. पण तो हात शोधत होता, हेही लक्षात ठेवा. घरी एक दार परत बसवा. कुठलं, ते तुम्ही ठरवा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही." मला! माझी जीभ काय माझं ऐकते?

त्याने ठमीचं कपाट निवडलं. शेवटचा स्क्रू आवळून तो हत्यारं ठेवायला वळला, तेवढ्यात ठमी आत शिरली आणि तिने दार ओढून घेतलं.

उजवा हात त्याने दारावर ठेवला. "ठमे?"

उत्तर नाही. लपाछपीत उत्तर कोण देतं? ओढणी तोंडात कोंबून मी तशीच उभी राहिले. त्याचा हात दारावरून हळूहळू सरकत कडेला आला. त्याने दाराची मूठ धरली आणि ते उघडलं.

फ्रॉकांखाली गुडघे पोटाशी घेऊन ठमी बसली होती. बाबा आता ओरडणार, म्हणून अंग चोरून. तो खाली बसला. मग तिचं पाऊल हातात धरून, वॉकीटॉकीवर बोलावं तसं तो म्हणाला, "खोली रिकामी नाही."

ठमीने त्याचे ओले गाल पाहिले, हाताने पुसले.

"आता माझ्यावर राज्य," ती म्हणाली. "तू लप, बाबा. मी शोधते तुला."