मनोरा कसा होता, माहीत नाही

पैज लागली ती मासुओच्या अंगणात, वाळत टाकलेल्या माकूळ मासळीच्या दोरीखाली. मासुओ माझा शेजारी, शाळेपासूनचा. आजवर त्याला इतक्यांदा टोपी घातलीय मी, की बिचाऱ्याचं टक्कल त्यानंच पडलं असावं.

तो म्हणाला, "इवाओ, तुझी आई त्या ओरिता मॅडमला मनोऱ्याबद्दल एक शब्द सांगायची नाही."

"सांगेल."

"मेली तरी नाही."

"स्वर्गारोहणाच्या सणाच्या आत सांगेल. बोल, काय लावतोस?"

माझी बायको नामिए तिथंच माकुळं उलटी करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हरेल त्यानं बायकोची ओढणी डोक्यावर घ्यायची आणि सणाच्या मिस्सेला बायकांच्या बाजूला बसायचं."

आमच्याकडे चर्चमध्ये प्रार्थनेला पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, बायकांच्या डोक्यावर पांढरी ओढणी. मधली वाट ओलांडून पलीकडे बसलेला पुरुष पणजोबांच्या काळापासून कुणी पाहिला नाही. मासुओ इतका हसला की दोरीवरचं एक माकूळ त्याच्या मानेवर पडलं. मी म्हटलं, ठरलं. जिंकणारच होतो. माझीच आई.

झालं होतं असं. मागच्या शरदातल्या वादळानं आमच्या चर्चचा मनोरा उचलला आणि खाडीत फेकला. चर्च सगळं लाकडाचं, होड्या बांधणाऱ्या सुतारांनी उभारलेलं. पूर्वीचे दिवस असते तर गावच्या माणसांनी फळ्या आणल्या असत्या, दोन दिवस शिव्या देत ठोकल्या असत्या आणि विषय संपला असता. पण मध्यंतरी सरकारनं चर्चला 'जतन करायची वास्तू' केलं. दारात छान पाटी लागली, आम्ही पाटीसोबत फोटो काढून घेतले, आणि त्या दिवसापासून एक खिळा ठोकायचा तर कचेरीला विचारावं लागतं. छतातून पाणी गळतंय, तर म्हणे ताडपत्री घाला, पण दोरी खांबाला बांधू नका. मग कशाला बांधू, ढगाला?

कचेरीतून आल्या ओरिता मॅडम. बाई चांगली, मेहनती, बोटीत प्रत्येक वेळी उलट्या करते तरी येते. नियम असा की मनोरा जसा होता तसाच बांधायचा, आणि जसा होता त्याचा पुरावा हवा. फोटो चालेल, कचेरीकडे होता तो फक्त दारातल्या पाटीचा. कुणी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं तरी चालेल. गावभर लग्नांचे फोटो निघाले, एकेका घरातून ढीगभर. सगळ्या फोटोंत नवरानवरी, मागं चर्चचं दार, आणि दाराच्या वर फोटो संपलेला. फोटोवाला मोठ्या बेटावरनं यायचा, त्याला चेहऱ्यांचे पैसे मिळायचे, मनोऱ्याचे नाही. वादळानंतर खाडीतनं मिळाल्या त्या चार कुजक्या फळ्या.

राहिली साक्ष. मनोरा माझ्या आजोबांनी एकदा सगळा उतरवून नव्यानं बांधला होता, आणि माझी आई, तोसे, तेव्हा परकरी पोर, दिवसभर त्यांच्याबरोबर वर बसायची. खालून तो सगळ्यांनीच पाहिलेला, पण अख्ख्या गावात आतून-बाहेरून, फळीन् फळी माहीत असलेली ती एकटीच उरलीय.

आणि चर्च सगळ्यात जास्त हवंय तेही तिलाच. चर्च बंद झाल्यापासून आम्ही मच्छीमार सोसायटीच्या जाळ्यांच्या शेडमध्ये प्रार्थना करतो. आईची चर्चमधली जागा म्हणजे खिडकीशेजारचा खांब. तिथं टेकून तिनं चार पोरांचे बाप्तिस्मे पाहिले, माझ्या बापासाठी रडून घेतलं. आता ती माशांच्या खोक्यावर बसते, गुडघे टेकले की खाली ओलं जाळं. दर रविवारी घरी येताना एकच पालुपद, "एकदा माझ्या खांबाशी गुडघे टेकू दे, मग मी जायला मोकळी." आणि कचेरीनं सांगून टाकलं होतं, सणापर्यंत पुरावा नाही मिळाला तर पुढची बाजू फळ्यांनी बंद, दाराला कुलूप, आणि पाटी: बाहेरून पाहा.

तुम्ही म्हणाल, मग आईनं सांगायचं ना. इथंच तर घोडं पेंड खातं.

आमच्या गावात सरकारी माणसानं काहीही विचारलं तरी उत्तर एकच. माहीत नाही. पूर्वी ख्रिस्ती धर्मावर बंदी होती, आमचे पूर्वज दोन-अडीचशे वर्षं क्रूस लपवून जगले. शिपाई यायचे, विचारायचे, घरात काय पुजता? माहीत नाही. शेजारी कोण प्रार्थना करतो? माहीत नाही. ज्यांनी सांगितलं ते संपले, ज्यांच्या तोंडात मिठाची गुळणी होती त्यांची आम्ही पोरंबाळं. बंदी उठून जमाना झाला, पण जीभ काही सुटली नाही. जनगणनेवाला येतो, घरात माणसं किती विचारतो, तर आई म्हणते, "बघायला लागेल."

ओरिता मॅडम पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा आईनं त्यांना चहा दिला, रताळ्याची वाळवलेली वडी भाजून दिली, बळंच पाय चेपून दिले. म्हणजे जीव लावला. मॅडमनी हळूच विचारलं, "आज्जी, मनोरा चौकोनी होता का हो?"

"माहीत नाही."

"तुमच्या वडिलांनी बांधला ना?"

"असं म्हणतात लोक."

मॅडम गेल्यावर मी पिसाळलो. "आई, तू वर चढून बसायचीस. तुझ्या गुडघ्यावर अजून तिथल्या खिळ्याची खूण आहे."

"आहे की."

"मग सांगत का नाहीस?"

"कुणाला?"

"त्या बाईला."

"ती कचेरीची आहे," आई म्हणाली, जसं काही मी समुद्राला खारं का म्हणतात असं विचारलं होतं.

मग मी कामाला लागलो. मॅडमना म्हटलं, गळ्यातलं ओळखपत्र काढा, माझ्या बायकोचे गमबूट घाला, माकुळांचे व्यापारी म्हणून या. बिचारी आली. आईनं तिचा हात हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "व्यापारी म्हणे. साबणाचा वास येतोय." वर तिलाच विचारलं, "कचेरीत पगार वेळेवर देतात ना गं?"

भिंतीआडून मासुओ ऐकत होता. संध्याकाळी भेटला तर म्हणाला, "इवाओ, ओढणी फुलांची घेशील की साधी?"

मग माझ्या सुपीक डोक्यात दुसरी कल्पना आली. आई खरं सांगत नाही, पण चुकीचं काही तिला सहन होत नाही. भाताला पाणी जास्त झालं तर शेजारणीच्या घरात जाऊन बोलून येते. मी बांबू, जुनं जाळं आणि होडीचा उरलेला रंग घेऊन मनोऱ्याची एक प्रतिकृती केली. पुरुषभर उंच, चौकोनी, अंगभर लाल, आणि शेंड्यावर चक्क भोपळा. आयुष्यात इतकं घाणेरडं काही बनवलं नव्हतं मी. ती धक्क्यावर ठेवली, मॅडमना बोलावलं, आईला हाताला धरून आणलं आणि मोठ्यानं म्हटलं, "आई, मला वाटतं मनोरा असाच होता."

आईनं त्या भोपळ्याकडे पाहिलं. तिच्या गालाची शीर उडाली, मी पाहिली. मी मनात म्हटलं, आली, आली.

"असेल," आई म्हणाली.

"असेल? भोपळा होता वर?"

"लहान होते मी."

मॅडमनी धक्क्यावरच्या सगळ्यांना विचारलं. जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्यांना, बर्फाच्या गाडीवाल्याला. सगळे मान हलवून म्हणाले, असेल, असेल. मासुओ तर म्हणाला, "रंग हुबेहूब." ओरिता मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांत या गावात त्यांना 'माहीत नाही'च्या पलीकडचा पहिला शब्द ऐकू आला होता. त्यांनी भोपळ्याची चारी बाजूंनी मापं घेतली आणि परतीच्या बोटीत बसल्या.

नामिए म्हणाली, "शाबास. आता सरकारी खर्चानं भोपळा बसणार."

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच मोठ्या बेटावर गेलो. कचेरीत मॅडम आनंदात, टेबलावर भोपळ्याचं सुंदर चित्र, पेन्सिलीनं छाया वगैरे दिलेली. मी घरून ठरवून गेलो होतो. म्हणणार होतो, मॅडम, ती माझी मस्करी होती, भोपळा नव्हता.

त्यांनी विचारलं, "इवाओसान, मनोरा असाच होता ना? तुम्ही तर लहानपणापासून बघताय."

आजूबाजूला सगळे कचेरीतले लोक, कोटातले. मी तोंड उघडलं. माझ्याच कानांनी ऐकलं.

"माहीत नाही."

पुन्हा प्रयत्न केला. "म्हणजे, बघायला लागेल." घाम फुटला हो मला. अख्ख्या बेटाला आयुष्यभर थापा मारलेला माणूस मी, आणि कचेरीत एक सत्य तोंडातून निघेना. परतीच्या बोटीत मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की नावाड्यानं विचारलं, कुणाशी भांडताय. घरी आल्यावर आईवर ओरडलो. "भोपळा बसतोय तुझ्या बापाच्या मनोऱ्यावर, कळलं का? भोपळा. आणि तुझ्यामुळं मीसुद्धा मुका." आई त्या रात्री जेवलीही नाही.

पुढच्या रविवारी फादर येणार नव्हते. ते दुसऱ्या बेटांवर फिरत असतात, नसले की आम्हीच प्रार्थना म्हणतो आणि शेवटी ज्याला जे मागायचंय ते तो मोठ्यानं मागतो. ओरिता मॅडम चित्र दाखवायला आदल्या दिवशीच्या बोटीनं आल्या होत्या, बायकांनी त्यांना ओढून शेडमध्ये आणलं, ओढणी दिली, आईच्या मागच्या खोक्यावर बसवलं. मागण्या सुरू झाल्या. माकुळं येऊ दे. नातवाला नोकरी लागू दे. मासुओनं माझ्याकडे बघत मागितलं, पैजा लावणाऱ्यांना सद्‌बुद्धी दे.

मग आई उभी राहिली. खोक्याला धरून, दमानं.

"देवा, तुला सगळं माहीत आहे, तरी आठवण करून देते. मनोरा अष्टकोनी होता. बाबांनी फळ्या होडीसारख्या खालून वर एकमेकींवर चढवल्या होत्या, पाणी आत जाऊ नये म्हणून. आठ बाजूंना आठ खिडक्या, प्रत्येकीवर चार पाकळ्यांचं कामेलियाचं फूल, पाच नाही, चार, कारण चार पाकळ्यांत क्रूस बसतो. रंग पांढरा, कडा आभाळी. छप्पर छत्रीसारखं, वर साधा लोखंडी क्रूस, त्याचा एक हात जरा वाकडा, कारण बाबांनी तो बोटीच्या नांगरापासून केला होता. भोपळा नव्हता. ज्यानं भोपळा केला त्याला क्षमा कर, तो माझाच आहे. हे मी तुलाच सांगतेय, दुसऱ्या कुणाला नाही."

 मागून नुसता पेन्सिलीचा आवाज, खसाखसा.

प्रार्थना संपल्यावर ओरिता मॅडमनी लाल डोळ्यांनी आईचा हात धरला. "आज्जी, क्रूसाचा कुठला हात वाकडा होता, एवढंच सांगा."

आई त्यांच्याकडे मायेनं बघून म्हणाली, "माहीत नाही."

मी डोकं जाळ्यात घातलं.

कचेरीनं ते मान्य केलं. मॅडमनी लिहिलं, 'गावातल्या ज्येष्ठ स्त्रीच्या प्रार्थनेनुसार', आणि खाडीतल्या कुजक्या फळ्या तपासल्या तर त्या खरंच होडीसारख्या जोडायच्या निघाल्या. कुलूप टळलं. काम सुरू झालं, म्हणजे परांची उभी राहिली आणि लाकूड वाळायला ठेवलं. लाकूड वाळेपर्यंत पुढचा वसंत उजाडणार म्हणे. मी म्हटलं, माकूळ याच्या निम्म्या वेळात वाळतं. पण सणाच्या आदल्या दिवशी मॅडमनी आईला आत सोडलं. नियमाप्रमाणं डोक्यावर पिवळं हेल्मेट, ओढणीवरून. ताडपत्रीखाली, भुशात, आई तिच्या खांबाशी गुडघे टेकून बसली आणि कितीही हाका मारल्या तरी उठेना. शेवटी सुतारांनी तिच्याभोवतीच काम सुरू केलं.

राहिला पैजेचा प्रश्न. मी म्हटलं, आईनं सांगितलं, मॅडमनी ऐकलं, मी जिंकलो. मासुओ म्हणाला, तिनं देवाला सांगितलं, मॅडमला 'माहीत नाही' म्हणाली, अख्खं गाव साक्षीला आहे. मी आईकडे गेलो. "आई, तू खरं बोल. कुणाला सांगितलंस?"

"देवाला," आई म्हणाली. "तू कधी ऐकतोस का नीट?"

सणाच्या दिवशी शेड भरलेली. पलीकडच्या वस्त्यांतनं होड्या भरभरून लोक आलेले, फादर आलेले. मी नामिएची ओढणी डोक्यावर घेतली, मधली वाट ओलांडली आणि आईशेजारच्या खोक्यावर जाऊन बसलो. पुरुषांच्या बाजूनं असा आवाज आला, जसा पंक्चर झालेल्या टायरमधून येतो. फादर वेदीवरून वळले, मला पाहिलं, ओठ घट्ट मिटून परत पाठ फिरवली, आणि बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. आई कानाशी म्हणाली, "मान वाकव. अशी नाही घेत ओढणी, पुढून घे." आणि सगळ्यांसमोर तिनं ती माझ्या कपाळापर्यंत ओढून नीट केली.

बायकांच्या बाजूला स्तोत्र वरच्या पट्टीत म्हणतात, हे मी विसरलो होतो. दोन्हीकडून कोपरखळ्या बसल्या, म्हणून म्हटलं वरच्या पट्टीत. बर्फाच्या गाडीवाल्याचा कुत्रा बाहेरून साथीला आला.

मिस्सा संपली, मी ओढणी काढायला गेलो तर नामिएनं मनगट धरलं. "कुठं निघालात? सणाच्या जेवणाची भांडी बायकांची बाजू घासते." आणि धक्क्यावरच्या नळाशी, ओढणीसकट, भाताची मोठी काळी कढई माझ्यापुढं आदळली. पुरुष भिंतीवर ओळीनं बसून पीत होते. मासुओ उठून माझ्याजवळ आला, खाली वाकला आणि म्हणाला, "तळाशी अजून करपलेलं आहे, ताई."