तीन पायांची शर्यत

घरात माणूस आजारी पडलं की दहा जण दहा सल्ले देतात, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलंय. कुत्रं आजारी पडलं की मात्र सगळ्यांच्या तोंडी सल्ला एकच असतो.

“सोडवा हो त्याला. कशाला हाल करता मुक्या जिवाचे?”

त्या आठवड्यात मास्तरांच्या दारात येऊन हे वाक्य पाच जण बोलून गेले होते. मास्तर म्हणजे शाळेतले जुने ड्रिल मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी मैदानावर काढली. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या ‘सावधान–विश्राम’वर मोठी झालेली. चाळिशी ओलांडलेला बँकेतला साहेबसुद्धा मास्तर समोरून आले की अजून पोट आत घ्यायचा.

आणि आजारी होता तो कप्तान. तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. मास्तर निवृत्त झाले त्याच आठवड्यात मैदानावरच्या लोखंडी रोलरमागे हे पिल्लू कुईंकुईं करत सापडलं होतं. मास्तर म्हणायचे, “शाळेनं मला चौकटीतलं मानपत्र दिलं आणि मैदानानं कुत्रा. मानपत्रावर धूळ बसते, हा धूळ झटकून येतो.” नऊ वर्षं रोज संध्याकाळी दोघं त्याच मैदानाला फेरी मारायचे. मास्तर जुन्या गोष्टी काढायचे. पाणी शिंपडलेल्या मातीचा वास, चुन्याने आखलेल्या रेषा, खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, शर्यत सुटण्याआधीची ती एका श्वासाची शांतता. कप्तान सगळं ऐकून घ्यायचा. निदान मध्ये बोलायचा तरी नाही.

मग तो पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागला. आधी वाटलं काटा, मग वाटलं मुरगळ. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, तो उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, “हाडात गाठ आहे. वाईट जातीची. पाय खांद्यापासून काढावा लागेल.”

“आणि नाही काढला तर?”

“तर रोज दुखेल, आणि एक दिवस ते हाड आपोआप मोडेल. पाय काढला तर दुखणं जाईल. आयुष्य किती वाढेल, ते मी सांगू शकत नाही. पण जे असेल ते बरं असेल.”

मास्तर घरी आले. रात्रीचं जेवण गेलं नाही. सकाळी ते बायकोला म्हणाले, “तीन पायांवर जगणं हे काय जगणं आहे? ज्यानं आयुष्यभर धावायचं, त्यानं आता खुरडायचं? मला नाही बघवणार.”

“तुम्हाला नाही बघवणार म्हणून त्याला मारायचं?” बायको म्हणाली. “पाय त्याचा जाणार आहे, तुमचा नाही. सही तुम्ही करताय की मी करू?”

सही अखेर मास्तरांनीच केली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी कप्तानला घरी आणलं तेव्हा त्याच्या खांद्याच्या जागी केस काढलेली सपाट गुलाबी कातडी होती, वर टाक्यांची लांब ओळ, आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा. मास्तरांनी तोंड फिरवलं. बायकोने नाही फिरवलं. तिने घरातल्या सगळ्या सतरंज्या आणि पायपुसण्या काढून गुळगुळीत फरशीवर दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रस्ता करून दिला. गोळ्यांच्या वेळा कॅलेंडरवर लिहिल्या. भोंगा दाराच्या चौकटीला आपटला की ती म्हणायची, “हळू, नवरदेव, हळू!”

मास्तर मात्र वेगळ्याच कामाला लागले. कप्तान उठायला गेला की धावत जाऊन त्याला उचलायचे. पाण्याचं भांडं त्याच्या तोंडाशी धरायचे, घास भरवायचे. आणि बाहेर न्यायची वेळ आली की दुपारी दोनची वेळ गाठायचे, गल्ली सगळी झोपलेली असताना. तेही अंगावर चादर टाकून, मागच्या बोळातून. कुणी पाहू नये, कुणी ‘अरेरे’ म्हणू नये. आपण याला फुलासारखं जपतोय, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी टाके काढले आणि कप्तानला खाली ठेवायला सांगितलं. कप्तान खाली बसला तो बसलाच. मान पायावर, नजर मास्तरांच्या हाताकडे. आता उचलतील, मग उचलतील.

“हा अजून चालत का नाही?” बाईंनी विचारलं. “एवढ्या दिवसांत कुत्री जिने चढायला बघतात.”

“मी चालू देत नाही. पडला तर?”

“मास्तर,” बाई चष्मा काढत म्हणाल्या, “पाय मी एकच काढला होता. उरलेले तीन तुम्ही काढलेत.”

मास्तरांच्या वर्मी लागलं. बाईंनी मग नीट समजावून सांगितलं. छातीखालून पट्टा घ्यायचा, पाठीवर मूठ असलेला. तोल गेला तर तेवढ्यापुरता आधार द्यायचा, एरवी सोडून द्यायचं. “तयार मापाचे मिळतात, पण याची छाती रुंद आहे. मोठ्या रस्त्यावर एक पिशवीवाली आहे. जाड कापडाचं काम तिच्याइतकं चांगलं कुणी करत नाही.”

तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मास्तर कप्तानला चादरीत गुंडाळून पिशवीवालीच्या दुकानात शिरले. दप्तरं, प्रवासी बॅगा, भिंतीला टांगलेले पट्टे, चेन आणि बकलांचे डबे, आणि मधोमध शिलाई मशीन. मशीनमागून एक पन्नाशीची बाई उठली. उजव्या पायात जाड तळव्याचा उंच बूट, चालताना एक खांदा किंचित खाली जायचा.

“सर! ओळखलंत?”

मास्तरांनी आधी बूट पाहिला, मग चेहरा. हे त्यांचं त्यांनाच नंतर फार बोचलं.

“अगं, घड्याळबाई!”

ती हसली. लहानपणी पोलिओ झालेली ही मुलगी. शाळेत मास्तरांनी शर्यतींची वेळ मोजायला तिच्या हाती स्टॉपवॉच दिलं होतं आणि तिचं नावही तेच पडलं होतं. मास्तरांना भरून आलं. ते स्टुलावर टेकले आणि जुन्या आठवणींची पेटी उघडून बसले.

“काय ते दिवस गं! झाडाखाली खुर्ची टाकून बसायचीस तू. मी तुला कधी उन्हात उभं केलं नाही. कधी एक चक्कर मार म्हटलं नाही. पोरांना ताकीदच होती, तिला कुणी धक्का लावायचा नाही!”

“हो सर. कुणी लावला नाही.” ती टेप घेऊन गुडघ्यावर बसली, कप्तानला आधी हात हुंगू दिला, मग चादर काढून बाजूला ठेवली. छातीचं माप घेतलं, पोटाचं घेतलं. लिहिता लिहिता म्हणाली, “सर, एक विचारू? तीन पायांची शर्यत आठवते?”

“न आठवायला काय झालं! दोघादोघांचे पाय बांधून पळायचं. काय धमाल यायची!”

“सहावीत होते मी. मी आणि माझी मैत्रीण तीन आठवडे घरामागे सराव करत होतो. तिच्या आईच्या जुन्या ओढणीने पाय बांधून. मग तुमच्याकडे आले. म्हटलं, सर, या शर्यतीत मला घ्या. यात सगळेच लंगडतात, मला तर सराव आहे.”

मास्तर खो खो हसले. “असं म्हणालीस? भारीच होतीस!”

“तेव्हाही असेच हसला होतात, सर. मग माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, पोरी, तू पडलीस तर मला बघवणार नाही. आणि माझ्या हातात घड्याळ दिलंत.”

मास्तरांचं हसू ओठांवरच राहिलं.

“मग त्यात माझं काय चुकलं? पोरं हसली असती तुला!”

“हसली असती. एक दिवस. मीही हसले असते कदाचित. बघवणार नव्हतं ते तुम्हाला, सर. पडणार होते मी. आणि मी पडायला तयार होते.” तिचा आवाज चढला नव्हता. टेप बोटाभोवती गुंडाळत ती म्हणाली, “पाच वर्षं मी दुसऱ्यांचे सेकंद मोजले. त्यात माझा एकही नव्हता. हरलेलासुद्धा नव्हता.”

“मी तुझी काळजी घेतली!” मास्तर उठून उभे राहिले.

“घेतलीत. म्हणून तर राग धरता आला नाही कधी. छळ करणाऱ्यावर रागावता येतं, सर. दया करणाऱ्याशी भांडायचं कसं?” मग तिने कप्तानच्या पडक्या कानामागे खाजवलं. “याला विचारलंत का, की तुला लोकांची लाज वाटते का? चादर कुणाला हवीय? त्याला की तुम्हाला?”

मास्तर कप्तानला उचलून तरातरा बाहेर पडले. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती आपली बाजू घेईल, अशी त्यांची अपेक्षा होती.

बायको भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही दोन महिने मला जिना उतरू दिला नाहीत. आठवतंय?”

“तुझ्या भल्यासाठीच!”

“तुम्ही आंघोळीला गेलात की मी रोज उतरायचे. दोनदा खाली, दोनदा वर. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. आणि तुम्ही यायच्या आत बिछान्यावर पडून कण्हायचे.”

सगळ्या शाळेला शिस्त लावणाऱ्या या माणसाला घरातली चोरी सात वर्षांनी कळत होती! चोरी तरी कसली, आपल्याच पायांनी आपलाच जिना उतरण्याची. मास्तर ओसरीवर जाऊन बसले. समोर मैदानाची कुंपणाची भिंत दिसत होती. नेहमीप्रमाणे त्यांनी जुने दिवस आठवून बघितले. तीच माती, तेच चुन्याचे पट्टे. पण या वेळी त्या चित्रात झाडाखालची खुर्चीही दिसत होती, आणि खुर्चीतली मुलगी घड्याळाकडे नव्हे, धावणाऱ्यांच्या पायांकडे बघत होती. ती नेहमी तशीच बघायची. मास्तरांनी ते पाहिलंही होतं. फक्त कधी मनावर घेतलं नव्हतं.

तीन दिवसांनी पट्टा तयार झाला. मास्तरांनी घड्याळबाईला निरोप धाडला, “पट्टा घेऊन संध्याकाळी सहाला मैदानावर ये. मी त्याला घेऊन येतो. चादर नसेल.”

सहा वाजता मैदान माणसांनी फुललेलं होतं. मास्तर फाटकातून आत आले तशी कुजबूज सुरू झाली. “अरेरे, बिचारा! काय अवस्था झाली!” बँकेतला साहेब पोट आत घ्यायचं विसरून बघत राहिला. मास्तरांच्या कानशिलांना घाम फुटला, पण ते वळले नाहीत. घड्याळबाईने कप्तानच्या छातीखालून पट्टा घेतला, बकलं लावली, मूठ मास्तरांच्या हातात दिली. “धरा, पण ओढू नका. तो काय म्हणतोय ते हाताला कळेल.”

आणि खरंच कळलं! कप्तानने हवा हुंगली. एक उडी. थांबला. दुसरी उडी. मग त्याला त्याचा जुना खांब दिसला, आणि मास्तरांच्या हातातून मूठ निसटली. कप्तान खांबापाशी पोहोचला आणि नऊ वर्षांच्या सवयीने त्याने मागचा पाय वर केला. आता पुढे एकच पाय, मागे एकच पाय. तोल राहणार कसा? धप्पकन कोसळला!

चारी बाजूंनी माणसं धावली. बँकेतला साहेब उचलायला वाकला.

“थांबा!” मास्तरांचा तो जुना आवाज मैदानभर घुमला. “कुणी हात लावायचा नाही!”

सगळे जागच्या जागी उभे. मास्तरांचे स्वतःचेच हात पुढे जायला धडपडत होते, ते त्यांनी पाठीमागे एकमेकांत धरले. कप्तान क्षणभर पडून राहिला. मग त्याने मान झटकली, कूस बदलली आणि उठला. खांबाकडे बघितलं, जरा विचार केल्यासारखं केलं, आणि या वेळी पाय वर न करताच काम उरकलं! कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. मास्तरही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ज्या हसण्याची एवढी धास्ती घेतली, ते हेच! त्याने कुणी मेलं नव्हतं. कप्तान तर शेपूट हलवत पुढच्या खांबाकडे निघाला होता.

मास्तर घड्याळबाईकडे वळले. “पोरी, तुझी शर्यत मी हिसकावून घेतली. ती परत नाही देता येणार मला. माझं चुकलं.”

ती म्हणाली, “बरं वाटलं, सर.” एवढंच. ‘जाऊ द्या’ म्हणाली नाही, आणि मास्तरांनाही ते योग्यच वाटलं.

त्या आठवड्यात मास्तरांनी एक यादी केली. एकतीस वर्षांत ज्यांना आपण दयेपोटी झाडाखाली बसवलं, त्यांची. अकरा जण आठवले. सात जणांचा पत्ता लागला. रोज संध्याकाळी कप्तानला घेऊन ते एकेकाच्या घरी जाऊ लागले. एकाला काहीच आठवत नव्हतं. एकीने दारातूनच परत पाठवलं. एक तोतरा मुलगा होता, त्याला मास्तरांनी कधी परेडचे हुकूम देऊ दिले नव्हते. तो आता भाजीबाजारात लिलाव पुकारत होता, त्याने मास्तरांना घट्ट मिठी मारली. आणि शेवटचा होता तो हृदयाला छिद्र असलेला. तो म्हणाला, “सर, माझ्या बाबतीत तुम्ही बरोबरच होतात. मी पळालो असतो तर मेलो असतो. पण तुम्ही एकदा मला विचारलं असतंत ना, की तुला काय करावंसं वाटतं, तर मी शिट्टी मागितली असती.”

कप्तान त्यानंतर तेरा महिने जगला. तीन पायांवर, भर संध्याकाळी, सगळ्यांच्या देखत. शेवटचे चार दिवस सोडले तर एकही दिवस त्याने मैदान चुकवलं नाही. मास्तर अजून जुन्या गोष्टी सांगतात. फक्त आता त्या गोष्टींत धावणाऱ्यांइतकीच बसवून ठेवलेल्यांचीही नावं असतात.

आपल्याही घरात, कचेरीत, शाळेत अशी झाडाखालची खुर्ची असते. आपणच ती प्रेमाने मांडलेली असते, म्हणून ती आपल्याला खुपत नाही. कुणाचा पाय गेला, दृष्टी गेली, बोलणं अडखळलं, वय झालं, की आपण त्याच्या वतीने ठरवून मोकळे होतो: याला हे जमायचं नाही. त्याच्या पडण्याला आपण घाबरतो आणि त्या भीतीला माया म्हणतो. आधार जरूर द्यावा, तो लागतोच. पण हात पुढे करण्याआधी ज्याचा पाय त्याला विचारावं.