दुसऱ्या बटणापाशी

फुटपट्टीकाकांनी फीत खोडामागून ओढून घेतली, शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या रेषेत आणली आणि अंगठ्याने दाबून धरली.

"शहाऐंशी पॉइंट दोन."

तिने आकडा वहीत लिहिला. मागच्या वर्षीचा पंच्याऐंशी पॉइंट नऊ होता. म्हणजे पुन्हा वाढ. पेनाचं टोपण चावत ती झाडाभोवती एक चक्कर मारून आली. सकाळपासूनचं हे एकतिसावं झाड, आणि एकतिसावी चक्कर.

"भोवरा झालाय तुझा. उभी राहा की एका जागी."

"आठ दिवसांत प्रबंध द्यायचाय, काका."

उपग्रहाच्या वीस वर्षांच्या चित्रांवरून तिने विद्यापीठात बसून निष्कर्ष काढला होता, की हे जंगल वाढायचं थांबलंय. काकांची वीस वर्षांची मोजणी म्हणत होती, वाढतंय, दरवर्षी थोडं थोडं. मार्गदर्शक मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्मा काढून म्हणाल्या, "जमीन खोटं बोलत नाही. तुझी पद्धत सुधार." सुधार म्हणजे चार वर्षांचं काम पाण्यात. म्हणून ती स्वतःच इथे आली होती, चूक कुठे आहे ते बघायला.

"तुझा उपग्रह वरून बघतो," काका फीत गुंडाळत म्हणाले. "वरून माणसाचं टक्कल दिसतं. पोट कुठे दिसतं?"

ती हसली, पण उगाच.

खोड छातीच्या उंचीवर मोजायचं, हा नियम. बाकीचे मोजणीदार त्यासाठी तेवढ्या उंचीची काठी घेऊन फिरत. काकांना काठी लागत नसे. पहिल्या वर्षी ती त्यांच्या दुसऱ्या बटणाला बरोबर टेकली, तेव्हापासून बटण हीच काठी. नावही त्यावरूनच पडलेलं.

बत्तिसाव्या झाडापाशी काकांनी हात उंचावून पत्र्याच्या नंबरपाटीवरची धूळ पुसली.

"या सगळ्या पाट्या मीच ठोकल्या, पहिल्या वर्षी. बटणापासून वीतभर वर. आता बघ, वीत आणि वर चार बोटं. झाड वाढतं, पाटीला घेऊन जातं. हे दिसतं का तुझ्या उपग्रहाला?"

टोपण तिच्या तोंडातून खाली पडलं. ते उचलायला ती वाकली आणि क्षणभर वाकलेलीच राहिली. झाड शेंड्याला वाढतं. खोडात ठोकलेला खिळा जन्मभर जिथल्या तिथे असतो. आणि खोड खालच्या अंगाला जाड.

काकांनी फीत लावली, आकडा सांगितला. तिने लिहिला नाही. गप्प बसावं तर आपले आकडे वाकवायचे. बोलावं तर या माणसाची वीस वर्षं.

"लिही की."

"काका, खिळा वर जात नाही."

"म्हणजे?"

"झाड वरून वाढतं. खिळा तिथेच राहतो."

काकांनी पाटीकडे पाहिलं, मग बटणाकडे. वीत लावली, चार बोटं लावली. पुन्हा एकदा लावली.

"तुझ्या आधीच्या पोरांनीही माझेच आकडे घेतलेत," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"मॅडमनीसुद्धा."

ती वहीचा कोपरा दुमडत, उलगडत राहिली. "हे अजून आपल्या दोघांतच आहे, काका. महिनाअखेरीला तुम्ही निवृत्त होताय, तेव्हा…"

"मी होतोय. आकडे होतात का?"

त्यांनी चपला काढल्या आणि पाटीशेजारी खोडाला पाठ लावून उभे राहिले.

"वीस वर्षांत उंचीने एकूण किती उतरलो ते पाटीवरून कळेल. मधल्या वर्षांचं ऑफिसच्या तपासणीच्या कार्डांवर आहे. वजन, उंची, दरवर्षी लिहितात. आमच्या हिने एकही कार्ड टाकलेलं नाही. त्यावरून खरे आकडे निघतील ना?"

"निघतील. वेळ लागेल, पण निघतील."

"मग धर फीत. या वर्षीची उंची अजून व्हायचीय."

तिने वही त्यांच्या डोक्यावर आडवी धरली आणि फीत जमिनीपर्यंत सोडली. वहीखाली त्यांचे विरळ केस दबले.

"काका, जरा ताठ उभे राहा ना."

"ताठच आहे."