खोली नंबर तीनचं दार

उज्ज्वलाची छत्री लोणावळ्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असायला हवी होती. ती लोहगडवाडीच्या धुक्यातून चालत येत होती, आणि तिच्याखाली दोन अनोळखी मुली होत्या.

काळ्या छत्र्या सगळ्यांकडे असतात म्हणा. पण या छत्रीच्या कापडावर पांढऱ्या ऑइलपेंटने ‘उज्ज्वला, १० वी ब’ असं ठळक लिहिलेलं होतं, आणि एका काडीपाशी आईने लाल दोऱ्याने टाके घातले होते. अशी छत्री जगात एकच. उज्ज्वला हातातला चहाचा पेला विसळायचं विसरली आणि बघतच राहिली.

रविवार असल्यामुळे गडाच्या पायथ्याला ट्रेकर्सची झुंबड उडाली होती. आई, म्हणजे बाया, कांदाभजी काढत होती. वडील, गेणू, कणसं भाजत होते. त्या दोघी नेमक्या त्यांच्याच टपरीत शिरल्या, छत्री मिटून बाकाला टेकवली आणि भज्यांच्या दोन प्लेट सांगितल्या.

उज्ज्वलाने सरळ विचारलं, “ताई, ही छत्री कुठून आणलीत?”

“आमच्या होमस्टेमध्ये टांगलेली होती,” त्यांच्यातली उंच मुलगी म्हणाली. तिचं नाव राजेश्वरी, पुण्याहून आली होती. “इतकी गोड खोली आहे ना. थांब, दाखवते.”

आणि तिने फोनवर उज्ज्वलाला उज्ज्वलाचीच खोली दाखवली.

आता ही खोली उज्ज्वलाची कशी, ते सांगायला हवं. वाडीवरून शाळेत जायचं तर आधी जीपगाडीची वाट बघायची, मग मळवलीहून लोकल, आणि पावसात रस्ता खचला की घरीच बसायचं. नववीत अशा कितीतरी दांड्या झाल्या. म्हणून दहावीसाठी मायलेकींनी लोणावळ्यात खोली घेतली. आई आठवडाभर चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला जायची, आणि शनिवार-रविवार दोघी टपरीवर हात द्यायला वाडीवर. वाडीतल्या वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, उलटी होते, म्हणून ती खोलीतच ठेवायची आणि वाडीत प्लॅस्टिकच्या खोळीत फिरायचं. आयुष्यात पहिल्यांदा उज्ज्वलाला एक दार मिळालं होतं, जे लावून घेतलं की आत ती आणि तिचं पुस्तक. वाडीच्या घरात दार असतं, पण ते लावून घेतलं तर शेजारी विचारायला येतात की कोण आजारी आहे.

खोलीचे मालक हौशीराम मूळचे टाकवे बुद्रुकचे, मोठ्या घरचे. लोणावळ्यात त्यांनी ओळीने चार खोल्या बांधल्या आणि जून महिन्यात चारही दारांना फोनवर चालणारी कुलपं बसवली. कडी-कोयंडा तसाच ठेवला, पण त्यावर रंग फासून टाकला. किल्ली हरवायची भानगडच संपली, असं म्हणत त्यांनी आईचा अंगठा त्या कुलपावर टेकवून घेतला आणि उज्ज्वलाला एक नंबर पाठ करायला लावला. आईला फार अप्रूप वाटलं. वाडीत चारचौघात तिने सांगितलं, “आमचं दार मला वळखतं.”

दार ओळखत होतं, आणि चुगल्याही करत होतं. हौशीरामकाका जाता-येता म्हणायचे, काल क्लास लवकर सुटला वाटतं. किंवा, मैत्रीण आली होती ना तुझी, दार दोनदा उघडलं. किंवा, आई आज कामावर गेली नाही, तब्येत बरी नाही का. उज्ज्वलाच्या कपाळावर आठी चढायची. आईला मात्र ते सगळं मायेचं वाटायचं. जवान पोरगी हाय, कुणीतरी नजर ठेवतंय ते बरंच की, असं ती म्हणायची. हे वाक्य ऐकलं की उज्ज्वलाच्या डोक्यात तिडीक जायची, पण आईला काय बोलणार.

शनिवारी सकाळी दार लावून त्या स्टेशनवर पोचायच्या आत काकांचा फोन यायचा. निघालात का, परत कधी, सुखरूप जा. आणि रविवारी संध्याकाळी परत यावं तर खोली लख्ख. फरशी पुसलेली, फिनेलचा वास, चादर घडी घातलेली. आईला अगदी भरून यायचं. मालकाची बायको, निर्मलावहिनी, एवढ्या मोठ्या घरची बाई, आणि आपली खोली झाडते. मग आई वाडीवरून येताना दर वेळी वहिनींसाठी टोपली भरून रानमेवा-रानभाज्या आणायची. कधी फोडशी, कधी कुर्डू, कधी भारंगी, एकदा तर सागाच्या पानात बांधलेले जिवंत खेकडे. वहिनी ‘कशाला एवढं’ म्हणत टोपली आत न्यायच्या आणि रिकामी करून परत द्यायच्या.

एकदा उज्ज्वलाला आपल्या कंगव्यात लांब तांबडे केस सापडले होते. तिने आईला दाखवले. आई म्हणाली, उन्हानं झालं असतील. जुलैच्या लोणावळ्यात, ऊन.

तेच केस आता राजेश्वरीच्या फोनवरच्या फोटोत नव्हते, पण बाकी सगळं होतं. जाहिरातीत नाव ‘धुक्यातलं घर’. खाली लिहिलेलं, साधी गावरान खोली, दार स्वतः उघडा, कुणाला भेटायची गरज नाही. राजेश्वरीने स्वतः काढलेले फोटोही दाखवले. पलंगावर दोघी मैत्रिणी. आरशासमोर दोघी मैत्रिणी. मागच्या फळीवर आईचे देव होते, त्यांच्यावर कुणीतरी टॉवेल टाकला होता. आणि भिंतीवर उज्ज्वलाचं अभ्यासाचं वेळापत्रक.

“हे तर कसलं भारी आहे,” राजेश्वरी हसत म्हणाली. “आम्हाला वाटलं सजावटीला लावलंय. गणिताखाली लिहिलंय बघ, ‘रडू नकोस, सोडव.’ आम्ही काल रात्री लोळून हसलो.”

ते वाक्य उज्ज्वलाने चाचणीत नापास झाल्यावर स्वतःसाठी लिहिलं होतं. आईला वाचता येत नाही, वडील तिथे येत नाहीत. जगात ते वाचायला कुणीच नव्हतं, म्हणून तर लिहिलं होतं. तिचे कान तापले. पेला तिने इतक्या जोरात ठेवला की आईने कढईवरून मान वर केली.

“ती खोली माझी आहे,” उज्ज्वला म्हणाली. “छत्री माझी आहे. आणि रडते ती पण मीच.”

राजेश्वरीचं हसू ओठावरच थांबलं. तिने छत्रीवरचं नाव वाचलं, मग उज्ज्वलाच्या तोंडाकडे पाहिलं. मैत्रिणीने भज्याची प्लेट खाली ठेवली. आम्हाला खरंच माहीत नव्हतं गं, असं काहीतरी दोघी पुटपुटल्या. मग राजेश्वरीने स्वतःहून सांगितलं की दार उघडायचा नंबर हौशीराम नावाच्या माणसाने पाठवलाय, आणि सोमवारी सुट्टी म्हणून त्यांचं बुकिंग सोमवारपर्यंत आहे. बरोबरच होतं. सोमवारी सुट्टी आहे, आम्ही सोमवारी संध्याकाळी येऊ, असं आईनेच हौशीरामकाकांना भोळेपणाने सांगितलं होतं.

आईचा विश्वासच बसेना. फोटोत आपलाच पलंग दिसतोय, आपलीच पातेली दिसतायत, तरी ती म्हणत राहिली की हौशीरामभाऊंनी केलं असंल, पण वहिनी तसं करणार न्हाईत. मी वहिनीला इचारते. वडील टपरीवर थांबले. राजेश्वरी म्हणाली गाडी आहे, आत्ता जाऊ. आणि आईने काय करावं, तर वहिनींसाठी सकाळीच खुडून ठेवलेली कुर्डूची टोपली उचलून मांडीवर घेतली. अख्ख्या रस्ताभर ती टोपली सांभाळत होती. उज्ज्वलाला ती खिडकीतून भिरकावून द्यावीशी वाटत होती.

हौशीरामकाका अंगणातच पत्र्याखाली बसले होते. गाडीतून भाडेकरू आणि पाहुणे एकत्र उतरलेले बघून ते क्षणभर गडबडले, मग खुर्चीत रेलून बसले. गडबडलेला माणूस माफी मागेल असं उज्ज्वलाला वाटलं होतं. ते उलट समजावायलाच लागले. खोली रिकामीच असते शनिवार-रविवार. लोणावळ्यात सुट्टीला पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि तुमची खोली नुसती पडून. तुमचं काय झिजलं? तुम्ही आत असताना मी कुणाला पाठवलं का? तुम्ही बाहेर पडल्याचं फोनवर दिसल्याशिवाय मी कधी नंबर देत नाही.

म्हणजे ती माया, ती नजर, ते ‘सुखरूप जा’. उज्ज्वलाने आईकडे पाहिलं. आई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती दारात उभ्या राहिलेल्या निर्मलावहिनींकडे बघत होती.

“वहिनी, खोली झाडायला तुमी येत व्हता ना?”

“मी कशाला येऊ?” वहिनी म्हणाल्या. “पाहुणे गेले की बाई येते लावलेली.”

“मग भाजी कशाची घेत व्हता?”

वहिनींनी पदर सारखा केला. आई टोपली घेऊन तशीच उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते उज्ज्वलाने घरात कधी पाहिलं नव्हतं, अगदी बाबांशी कडाक्याचं भांडण झालं तेव्हाही नाही.

उज्ज्वलाला शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस नुकतंच मिळालं होतं, पण त्या भाषणातलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. ती साधंच बोलली. काका, मी माझ्या उशीवर झोपते तेव्हा मला माहीत पाहिजे की ती माझीच आहे. आमच्या देवावर टॉवेल टाकायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला. आम्ही कधी येतो, कधी जातो, माझी मैत्रीण कधी येते, हे तुमच्या फोनवर कशाला. ते कुलूप आज काढा.

“तुझ्या वयाला शोभेल तेवढंच बोल,” हौशीराम म्हणाले. “खोली माझी, कुलूप माझं. नको असेल तर राहू नका. तुमच्यासारख्यांना खोली दिली हेच चुकलं माझं.”

आणि त्यांनी खिशातून फोन काढला, अंगठ्याने दोनदा टिचकी मारली. तीन नंबरचं कुलूप पाठोपाठ दोनदा टिर्र वाजलं. आईने जाऊन अंगठा टेकवला. लाल दिवा. परत टेकवला. लाल दिवा. उज्ज्वलाने तिचा नंबर दाबला. लाल. पुस्तकं आत, देव आत, गॅस आत, आणि दार आईला ओळखत नव्हतं. आईने ओला अंगठा पदराला पुसून पुसून पुन्हा पुन्हा टेकवला, जणू चूक अंगठ्याचीच होती. ते बघून उज्ज्वलाला रडू आलं, आणि ती रडली नाही.

“सरक जरा,” राजेश्वरी म्हणाली. तिने फोनमध्ये बघून सावकाश नंबर दाबला. हिरवा दिवा लागला, दार उघडलं. रागाच्या भरात हौशीरामांनी भाडेकरूंचा नंबर बंद केला होता, पाहुण्यांचा राहिला होता.

“आमचं बुकिंग उद्यापर्यंत आहे, काका,” ती वळून म्हणाली. “या दोघी आमच्या पाहुण्या.”

आपल्याच घरात पाहुणी म्हणून शिरताना उज्ज्वलाच्या अंगाचा तिळपापड झाला. पलंगावर राजेश्वरीची बॅग होती, दोरीवर ओले टॉवेल होते. आईने आधी देवांवरचा टॉवेल ओढून फेकला, मग दार लोटून आतली जुनी कडी घातली. हौशीराम बाहेरून दार वाजवू लागले. पोलिसांना बोलावतो म्हणाले. राजेश्वरी आतून म्हणाली, बोलवाच, तुम्ही पाठवलेला मेसेज मीही दाखवते त्यांना. दार वाजायचं थांबलं.

तेवढ्यात उज्ज्वलाला दिसलं. कुलपाचे सगळे स्क्रू दाराच्या आतल्या बाजूला होते. बाहेरच्याला ते काढता येऊ नये म्हणून आत बसवलेले. आणि आत तर त्याच होत्या.

राजेश्वरीच्या मैत्रिणीने काल आल्या आल्याच गाडीतलं सगळं सामान आत आणून ठेवलं होतं, त्यातल्या हत्यारांच्या पिशवीत पेचकस होता. पहिला स्क्रू हलेना. उज्ज्वलाने दात-ओठ खाल्ले. लवकर सुटलेल्या क्लाससाठी एक पिळा, मैत्रिणीसाठी एक, तांबड्या केसांसाठी एक. बाहेरून हौशीराम ओरडले की महिनाअखेर खोली खाली करा. उज्ज्वलाने हातातलं काम न थांबवता सांगितलं की करार अकरा महिन्यांचा आहे, आईला तो मीच वाचून दाखवला होता, आणि बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आहे. शेवटचा स्क्रू पडला आणि कुलपाचे दोन तुकडे तिच्या हातात आले. दाराला आरपार भोक पडलं. आईने त्यात चिंध्यांचा बोळा कोंबला.

मग आईने टोपलीतली कुर्डूची भाजी ताटात ओतून घेतली, ती संध्याकाळी त्यांच्याच कढईत जाणार होती. रिकाम्या टोपलीत तिने कुलूप ठेवलं, कडी काढली, आणि अंगण ओलांडून निर्मलावहिनींच्या उंबऱ्यावर नेहमीच्या जागी टोपली ठेवली.

“घ्या वहिनी,” ती म्हणाली. “आता हे निवडून खावा.”

बाहेरच्या कोयंड्यावरचा रंग उज्ज्वलाने पेचकसाने खरवडला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं कुलूप तिथे अडकवून पाहिलं. नीट बसलं. एक किल्ली आईच्या गळ्यातल्या दोऱ्यात गेली, एक उज्ज्वलाच्या कंपासपेटीत. राजेश्वरी आणि तिची मैत्रीण आपलं सामान आवरून निघाल्या. जाताना राजेश्वरीने फोनमधले त्या भिंतीचे फोटो उज्ज्वलासमोर पुसून टाकले. उज्ज्वलाने तिला ‘चालतं’ म्हटलं नाही. कारण चालत नव्हतं. पण पाऊस जोराचा होता, म्हणून तिने गाडीपर्यंत दोघींवर छत्री धरली.

परत आल्यावर तिने दाराला आतून कडी घातली आणि गणिताचं पुस्तक उघडलं. समोरच्या घरात टोपलीतलं कुलूप बॅटरीवर अजून जिवंत होतं. हौशीरामांचा फोन राहून राहून वाजत होता, आणि दर वेळी त्यावर तेच उमटत होतं, खोली नंबर तीनचं दार उघडं आहे.