फोटोतला पाय

हत्तीपायाच्या गोळ्या वाटत मी पाच वर्षं धानोऱ्याजवळच्या आमच्या गावात दारोदार फिरते आहे. कमळाबाई दरवर्षी "जेवल्यावर खातो" म्हणायच्या आणि मी वहीत खूण करून पुढे जायचे. यंदा त्यांनी आतून एक डबा आणून दाखवला. सगळ्या वर्षांच्या गोळ्या त्यात जपून ठेवलेल्या!

माझं डोकंच फिरलं. "बाई, ह्या खाल्ल्या काऊन नाई?"

"मले काय झालं? कालच दिवसभर वाकून धानाचं रोवणं करून आली. पाय सुजला का खाईन, म्हणून तं ठेवल्या."

"सुजल्यावर खाऊन काय उपयोग? आधीच खाच्या असतेत!"

"मंग तसं सांगाचं नं! तुम्ही तं दरसाल सुजलेल्या पायाचाच फोटो दाखवता."

मी हातातल्या फोटोकडे पाहिलं. जे दाखवलं, तेच त्या शिकल्या होत्या.

जुन्या गोळ्या मी परत घेतल्या. यंदाच्या त्यांनी माझ्यासमोर गिळल्या. मग मी मोबाईल काढला.

"बाई, तुमच्या पायाचा फोटो काढू द्या."

"काऊन? माह्ये पाय तं चांगले हायेत."

"म्हणूनच," मी म्हटलं.