धोंडूपणजोबांचं गाऱ्हाणं

"सर, सगळं गाव जर एवढं शूर होतं, तर मग घाबरलं कोण?"

'हिंमत असेल तर विचार,' असं वर्गातल्या श्रद्धाने डिवचलं होतं. मनस्वीने भर तालमीत विचारलं. पंधरा ऑगस्टच्या नाटकातले सगळे क्रांतिकारक लाकडी बंदुका टेकवून बघत राहिले.

सुर्वे सरांनी चष्मा पुसला. मनस्वीने लिहिलेला प्रवेश त्यांनी सकाळीच उडवला होता. "गावाची बदनामी नको," म्हणे!

बदनामी कसली? पावसजवळच्या मनस्वीच्या मूळ वाडीतल्या, आता नव्वदी ओलांडलेल्या यमुनाबाईंनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं ते. बेचाळीस साल. मुंबईला गेलेली वाडीतली पोरं तुरुंगात, घरोघरी चुली थंड. तेव्हा सगळी वाडी देवळात जमली आणि देवाला गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, पुरे झाली ही लढाई! राज्य गोऱ्याचं रावलं तर रावू दे, पण आमची पोरं घरी आण!" आणि झाडून सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी त्याच बायका आंब्याच्या बागेत लपलेल्या कार्यकर्त्याला भाकरी देऊन आल्या. रडत, देवाला घाबरत, पण देऊन आल्या.

"माझ्यावर काय चिडतेस?" सर शेवटी म्हणाले. "तुझ्या बाबांचाच फोन आला होता."

मांडवीच्या घरी मनस्वी पोचली ती वादळासारखी. दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे.

"बाबा, तुम्ही?"

"ते गाऱ्हाणं घातलं कोणी, ठाऊक आहे?" बाबांनी आवाज खाली आणला. "माझ्या आजाने. धोंडूआजोबांनी."

"ठाऊक आहे! म्हणून तर लिहिलं!"

"अगो, लोक हसतील," आई म्हणाली.

"कोणाला हसतील? त्यांचा थोरला मुलगा तुरुंगात होता, आई! मग काय फुगडी घालायची होती त्यांनी? घाबरले. घाबरूनसुद्धा भाकरी त्यांच्याच घरातून गेली ना? आणि तुम्हाला कसली भीती? तुम्हाला तर कोणी पकडायलाही येत नाहीये!"

बाबांनी उगाचच पंख्याचं बटण चालू-बंद केलं.

"मग ऐका," मनस्वी म्हणाली. "शाळेच्या नाटकात मी नाही. पंधरा ऑगस्टला मी वाडीत जाणार. देवळाच्या पायरीवर उभी राहून गाऱ्हाणं मी घालणार, आणि भाकरीची गोष्टही मीच सांगणार. 'व्हय म्हाराजा' म्हणायला यमुनाबाई आहेत. तुम्ही दोघं आलात, तर आवाज जरा मोठा होईल."