पाचवीवर पाय ठेवू नका

मी एक जुनी शिडी आहे. संत्र्याच्या बागेतली, लाकडाची, अकरा पायऱ्यांची. आता दहाच उरल्यात. एक कुठं गेली, तेच तुम्हाला सांगणार आहे. मध्ये मध्ये माझं डोकं फिरेल, तेवढं चालवून घ्या.

मित्रांनो, मला एका म्हाताऱ्या सुतारानं बनवलं. तो बोलायचा कमी आणि शिव्या जास्त द्यायचा, पण हाताला काय सफाई होती! एकेक पायरी अशी घासली की कुणाच्या तळपायाला कुसळ लागू नये. शेवटी स्वतः वर चढून दोनदा उड्या मारल्या आणि म्हणाला, "चढवा आता हत्ती!" हत्ती काही कुणी आणला नाही. माणसं मात्र खूप चढली.

बाग एका बाईंची. सगळे त्यांना काकू म्हणतात. काकूंचा साधा हिशोब होता. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, आणि त्याबदल्यात बागेत काम. पगार वगैरे काही नाही. "इथं मालक-नोकर भानगडच नाही हं, घरचंच समजा," असं त्या प्रत्येकाला सांगायच्या. घरच्यांना मात्र मी कधी झाडावर चढताना पाहिलं नाही.

सुरुवातीला यायचे ते हौशी लोक. पाठीवर बॅग, डोक्यावर टोपी. माझ्यावर उभं राहून फोटो काढायचे. "काय दणकट शिडी आहे!" म्हणायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी कुणीतरी मला पुसून आत ठेवायचं. पुढं पुसणं बंद झालं, मग आत ठेवणंही. मी मजुरांच्या खोलीच्या भिंतीला टेकून ऊन-पाऊस खात राहिले. मजूर म्हटलेलं काकूंना आवडत नाही. न आवडू दे.

एका पावसाळ्यानंतर माझी पाचवी पायरी चिरली. तेव्हा राहायला आलेला एक आचारी माझ्यावर चढून फळं तोडत होता, त्याच्या पायाखाली ती करकरली. त्यानं जाऊन सांगितलं. काकू म्हणाल्या, "हो का? बघते." हे 'बघते' म्हणजे काकूंचं कपाट आहे. त्यात गेलेली वस्तू परत बाहेर येत नाही.

मग लोकांनीच एक रीत पाडली. जाणारा माणूस येणाऱ्याच्या हातात खोलीची किल्ली द्यायचा, फळं तोडायची कात्री द्यायचा, गळ्यात अडकवायची झोळी द्यायचा, आणि शेवटी मला थोपटून सांगायचा, "पाचवीवर पाय ठेवू नको." चौथीवरून थेट सहावीवर. चार वर्षं असं चाललं. मित्रांनो, मला राग याचाच येतो. पाचवी कुठली ते सगळ्यांना माहीत होतं, पण दोन लाकडी पट्ट्या आणून ठोकाव्यात असं एकालाही वाटलं नाही. आपल्याला काय, पंधरा दिवस तर राहायचंय!

भांडला तो एकटा लांब्या. ताडमाड उंच, म्हणून लांब्या.

"काकू, ती पायरी बदला. जीव जाईल कुणाचा तरी."

"तुझा गेला का? नाही ना? मग?"

"माझा गेल्यावर सांगायला कोण येणार?"

"फुकटचं जेवतोस आणि वर मलाच अक्कल शिकवतोस?"

"फुकटचं? मग दिवसभर झाडाला लटकलेला असतो तो कोण, वटवाघूळ?"

त्याच दुपारी त्यानं बॅग भरली. त्याच्या जागी यायचा माणूस अजून ठरलेला नव्हता, मग सांगणार कुणाला? जाता जाता त्यानं माझ्या पाचवीला सुतळी गुंडाळली, चांगली जाडजूड, न चुकता दिसेल अशी. दोन दिवसांनी काकू पोती शिवायला आल्या. सुतळी संपली होती. इकडं तिकडं बघितलं, मला बघितलं. "इथं कुणी वाया घालवलीय ही!" म्हणाल्या आणि सोडून घेऊन गेल्या. मुद्दाम नव्हे. मुद्दाम केलं असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

त्यानंतर शिंपीण आली, म्हाताऱ्या बाबांना घेऊन. ही हौसेनं आलेली नव्हती. दुकान बुडालं होतं, भाड्याचं घर सुटलं होतं. काकू म्हणाल्या, "दोघांचं जेवण म्हणजे दोघांचं काम करावं लागेल हं, ताई."

"करीन. फक्त बाबांना पलंग द्या. खाली झोपले की त्यांना उठता येत नाही."

बाबा म्हणाले, "उठता येतं गं. कुणी ओढायला पाहिजे, एवढंच."

तीन दिवस तिनं खालच्या फांद्या उरकल्या. चौथ्या दिवशी मला उचललं. चढताना पाचवीनं तिला पेललं. उतरताना झोळी भरलेली होती. कड्! ती उजव्या हातावर पडली. संत्री गडगडत उतारावरून खाली गेली आणि तिचं मनगट भलतीकडंच वळलेलं दिसलं.

काकू पळत आल्या. पाणी पाजलं, स्वतः गाडीतून दवाखान्यात नेलं. तेवढ्या त्या चांगल्या आहेत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"ताई, मी काही दगड नाहीये. पण सोमवारी कामाला दुसरे लोक बोलवावे लागतील, आणि खोली एकच आहे."

शिंपीण प्लॅस्टरकडं बघत राहिली. जायचं कुठं, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आतून बाबा भिंत धरत धरत बाहेर आले. "कुणाला बोलावू नका. मी चढतो."

"बाबा, अहो, तुमचं वय..." काकू म्हणाल्या.

"झाडं माझ्याहून म्हातारी आहेत. देतातच ना फळं?"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं, चौथी-सहावीमधल्या मोकळ्या जागेकडं पाहिलं, आणि मान फिरवली. "बरं. बघते चार दिवस."

"बाबा, नका ना," शिंपीण म्हणाली.

"गप. खालून धर तिला."

तेव्हापासून रोज सकाळी बाबा माझ्यावर चढतात. चौथीपाशी थांबतात. दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा उचलतात आणि पाय सहावीवर ठेवतात. त्या क्षणी त्यांनी मला धरलेलंच नसतं. लेक खालून खांदा लावून उभी असते, नजर त्यांच्या टाचांवर. मीही पाय मातीत रोवून ठेवते. मी मोडले तर ते पडतील. मला टाकून दिलं तर त्यांची खोली जाईल. सांगा, मी काय करू?

मित्रांनो, शाळेत, घरात, जिन्यात, कुठंही काही मोडकं दिसलं तर ते चुकवून पुढं जाऊ नका. मागून येणाऱ्याला सांगितलं म्हणजे आपलं काम झालं, असंही समजू नका. लांब्यासारखं भांडा, आणि दुरुस्त होईपर्यंत निघून जाऊ नका. तुम्हाला तोंड आहे. मला नाही.

कारण माझ्या सातव्या पायरीला आता बारीक चीर पडलीय. खालच्या बाजूनं, म्हणून कुणाला दिसत नाही. बाबा आत्ता झोळी गळ्यात घालून माझ्याकडंच येताहेत.